केबलचं टोक तापतंय की अख्खी केबल?

वाचकांचं पत्र: आमचं दापोली तालुक्यात समुद्राला लागून घर आहे, चार खोल्या पर्यटकांना देतो. २०२० च्या निसर्ग वादळात बरेच दिवस वीज नव्हती. त्यानंतर २४ व्होल्टचा २००० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या घेतल्या. गेल्या वर्षी तशाच आणखी दोन जोडल्या. बॅटऱ्या पडवीत आहेत आणि इन्व्हर्टर माजघरात. मधे १६ स्क्वेअर एमएमची चार मीटर केबल आहे. या पावसाळ्यानंतर केबल कोमट लागायला लागली. बॅटरीकडचं काळ्या केबलचं टोक तर इतकं तापतं की बोट टेकवत नाही, वरची प्लॅस्टिकची टोपीही मऊ पडली आहे. पंप सुरू झाला की इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ची शिट्टी मारतो. वायरमन म्हणतो, बॅटरीची वायर गरम राहतेच, फार वाटत असेल तर जाड टाका. यात धोका आहे का? किती जाड केबल घेऊ? आणखी दोन बॅटऱ्या वाढवल्या तर ताण कमी होईल का?

ताई, धोका आहे, आणि तो त्या काळ्या टोकात आहे. ते टोक उघडून नीट होईपर्यंत पंप, मिक्सर आणि फ्रिज इन्व्हर्टरवर चालवू नका. दिवे-पंखे चालू द्या, पण रात्री झोपण्याआधी टोकाला हात लावून बघा. जळका वास आला किंवा टोपी वितळताना दिसली तर इन्व्हर्टर बंद करा आणि त्याचं चार्जिंगही थांबवा.

तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि वायरमनने दोन्हींना एकच औषध सांगितलं आहे. अख्खी केबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी कोमट लागत असेल, तर करंटच्या मानाने ती बारीक आहे किंवा लांब आहे. एकच जागा तापत असेल, म्हणजे थिंबल (केबलच्या टोकाला बसवलेली भोकाची धातूची पट्टी), नट, फ्यूज किंवा स्विच, तर तो सांध्याचा दोष आहे. केबल कितीही जाड टाकली तरी सांध्याचा दोष जात नाही. उलट जुनाच गंजलेला नट आणि तसंच ठोकलेलं थिंबल नव्या केबलला लागलं, तर सहा महिन्यांत ते टोक पुन्हा तापेल.

आकडे मांडून बघू. दिवे-पंखे ३०० वॅट, फ्रिज १५० आणि अर्ध्या एचपीचा पंप साधारण ६०० वॅट, असे १०५० वॅट झाले. इन्व्हर्टरमध्ये थोडी ऊर्जा वाया जाते, म्हणून ८५ टक्के कार्यक्षमता धरू. १०५० ला ०.८५ ने आणि मग २४ ने भागलं की ५१ अँपिअर येतात. त्यात ५०० वॅटचा मिक्सर लागला की आकडा ७६ वर जातो. १६ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या केबलचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मीटरला सुमारे १.२ मिलिओहम असतो. लाल आणि काळी मिळून तुमची आठ मीटर केबल होते, म्हणजे ९.६ मिलिओहम. ५१ अँपिअरला त्या आठ मीटरमध्ये मिळून २५ वॅट उष्णता तयार होते आणि ७६ अँपिअरला ५५ वॅट. ही उष्णता आठ मीटरवर पसरते, म्हणून हाताला नुसती कोमट लागते.

आता सांधा बघा. गंजामुळे त्या काळ्या टोकाला समजा ५ मिलिओहमचा अडथळा आला आहे. ५१ अँपिअरला तिथे १३ वॅट तयार होतात आणि ७६ अँपिअरला २९ वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंग इस्त्री २५ वॅटची असते. तेवढी उष्णता अंगठ्याएवढ्या जागेत कोंडली तर टोपी मऊ पडणारच. शिवाय उष्णता करंटच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. म्हणून दिवे-पंख्यांवर गार वाटणारं टोक पंप आणि मिक्सर एकत्र लागले की चटका देतं.

शिट्टीचं कारणही यातच आहे. पंप सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. तेव्हा बॅटरीकडून १५० अँपिअर निघाले, तर केबलमध्ये जवळजवळ दीड व्होल्ट आणि त्या सांध्यात पाऊण व्होल्ट पडतो. बॅटरीच्या टोकांवर २४ व्होल्ट असतात आणि इन्व्हर्टरला २२ च्या खालचा आकडा दिसतो. त्याला वाटतं बॅटरी उतरली. अशा वेळी बॅटरीला दोष देऊन नवी घेतली, तर पैसे जातात आणि शिट्टी तशीच राहते.

वायरमनचं म्हणणं अर्धं खरं आहे. भरपूर लोडवर केबल थोडी कोमट होते. हात ठेवून तो सहज ठेवता आला तर तापमान साधारण ४५ अंशांच्या आत आहे. दोन-तीन सेकंदांत हात काढावा लागला तर ते ६० च्या आसपास आहे. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश असते आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पडवीतली हवाच ३५ अंशांवर असते, हेही लक्षात घ्या. आणखी एक खूण सांगतो. घरगुती इन्व्हर्टर बॅटरी चार्ज करताना साधारण १५ अँपिअर देतो. तेवढ्याने चांगला सांधा अजिबात तापत नाही. चार्जिंग चालू असतानाही ते टोक गरम लागत असेल, तर सांधा पार गेला आहे असं समजा.

उघडण्याआधी मोजून घ्या. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. तो ओहमवर लावू नका, एवढा बारीक रोध त्याला दिसत नाही. डीसी व्होल्टच्या सर्वांत खालच्या रेंजवर, म्हणजे २०० किंवा २००० मिलिव्होल्टवर लावा. लोड म्हणून १००० वॅटची कपड्यांची इस्त्री पूर्ण गरमवर ठेवा. बाकी काही चालू नसेल तर बॅटरीकडून सुमारे ५० अँपिअर निघतात. टोक तापलेलं आहे, म्हणून इस्त्री एका वेळी अर्ध्या-एक मिनिटापेक्षा जास्त चालू ठेवू नका. तिचा दिवा लागलेला असतानाच आकडा वाचा, कारण थर्मोस्टॅटने ती मधेच बंद होते.

मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टोचा. थिंबलवर किंवा नटावर नाही, खुद्द शिशावर. दुसरी पिन थिंबलच्या पट्टीवर ठेवा. ५० अँपिअरला १० मिलिव्होल्टच्या आत आकडा आला तर सांधा चांगला आहे. २५ च्या पुढे शंका घ्या, ५० च्या पुढे उघडायलाच हवा. तुमच्या टोकाला शंभरांच्या पटीत आकडा आला तरी आश्चर्य वाटायला नको. मग पहिली पिन थिंबलच्या पट्टीवर आणि दुसरी केबलच्या उघड्या तारांवर ठेवून क्रिंप, म्हणजे थिंबल तारांवर दाबून बसवलेली जागा, तपासा. असेच प्रत्येक जंपरचे (बॅटऱ्या एकमेकींना जोडणाऱ्या छोट्या केबलचे) दोन्ही सांधे, फ्यूज असेल तर त्याच्या दोन्ही बाजू आणि इन्व्हर्टरचे खुंट. जिथे तापत नाही तिथलंही मोजा. जोडणीत एक थिंबल बिघडलं असेल तर त्याच दिवशी त्याच हाताने लावलेली दुसरी थिंबलंही बहुधा त्याच वाटेवर असतात.

शेवटी चार मीटरची एक अख्खी केबल टोकापासून टोकापर्यंत मोजा. खऱ्या तांब्याच्या १६ स्क्वेअर एमएमला ५० अँपिअरवर २४० मिलिव्होल्टच्या आसपास यायला हवेत. ३८० च्या पुढे गेला तर केबलमध्ये तांबं नसून तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असण्याची शक्यता मोठी. एक तार ब्लेडने खरवडा. बाहेरून लाल आणि आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम. बाहेरून पांढरी आणि आतून लाल निघाली तर ते कथिल चढवलेलं तांबं, आणि ते किनाऱ्यावर सर्वांत चांगलं.

आता उघडण्याविषयी. २४ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. १५० एएचच्या बॅटरीच्या दोन खुंटांवर पाना आडवा पडला तर हजारभर अँपिअर सहज वाहतात आणि पाना लाल होतो. हातातल्या बांगड्या, अंगठी, घड्याळ आणि गळ्यातलं मंगळसूत्र काढून ठेवा. पान्याच्या मुठीला इन्सुलेशन टेप गुंडाळा. इन्व्हर्टर बंद करा, त्याची मुख्य लाइनही बंद करा आणि अर्धा तास थांबा, कारण चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो. पडवीत तुळशीचं निरांजन किंवा उदबत्ती जवळ असेल तर ती आधी विझवा. सोलर पॅनल असतील तर बॅटरी सोडवण्याआधी पॅनलचा स्विच बंद करायचा. काळी केबल आधी काढायची, लाल नंतर. जोडताना लाल आधी, काळी शेवटी. शेवटचं टोक टेकवताना एक छोटी ठिणगी उडते, ती इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरची असते. तिने घाबरायचं नाही.

टोक उघडल्यावर बहुतेक तीनपैकी एक गोष्ट दिसेल. हिरवी किंवा निळसर पांढरी पूड साचली असेल, तर ती ॲसिडची वाफ आणि खारी हवा यांनी मिळून केलेली कामगिरी. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून ब्रशने धुवा. बॅटरीची झाकणं घट्ट लावलेली असू द्या, सोड्याचं पाणी आत गेलं तर ॲसिड मरतं. मग साध्या पाण्याने पुसून कोरडं करा आणि खुंटी व थिंबल पॉलिश पेपरने चकचकीत करा. हे करताना डोळ्यांवर चष्मा हवा. ॲसिड अंगावर उडालं तर भरपूर पाण्याने पंधरा मिनिटं धुवा.

दुसरी गोष्ट वॉशरची, आणि ही चूक आम्हाला किनाऱ्यावरच्या जोडण्यांत सतत दिसते. थिंबल आणि खुंटी यांच्या मधे वॉशर घातलेला असतो. मग सगळा करंट त्या वॉशरमधून जातो. स्टेनलेस स्टीलचा रोध तांब्याच्या सुमारे चाळीसपट असतो आणि साध्या लोखंडी वॉशरवर तर एका पावसाळ्यात गंज चढतो. क्रम असा हवा: खाली खुंटी, तिला थेट टेकलेलं थिंबल, त्यावर साधा वॉशर, त्यावर स्प्रिंग वॉशर, मग नट. एका खुंटीवर दोन थिंबलं असतील तर जास्त करंटवालं खाली.

तिसरी गोष्ट थिंबलच्या आत असते आणि ती बाहेरून दिसत नाही. हातोडीने ठोकून किंवा पकडीने दाबून बसवलेल्या थिंबलमध्ये तारांमध्ये पोकळी राहते. खारा दमटपणा त्या पोकळीतून आवरणाच्या आत केशाकर्षणाने वर चढत जातो. थिंबल कापून केबल दोन सेंटिमीटर सोला. तारा काळ्या असतील तर लाल चकाकी दिसेपर्यंत मागे कापत जा. वीतभर कापूनही काळंच असेल तर ती केबल टाकून द्या. नवं थिंबल तांब्याचं आणि कथिल चढवलेलं घ्या. ते हायड्रॉलिक क्रिंपिंग टूलने, त्याच मापाचा डाय (साचा) लावून दाबून घ्या. मोठ्या इलेक्ट्रिकल दुकानांत किंवा पॅनल बनवणाऱ्यांकडे हे टूल असतं. केबल आणि थिंबलं घेऊन तिथे गेलात तर अर्ध्या तासाचं काम आहे. वरून हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी, चढवा; ती आतून गोंद असलेली घ्या, ती पाणी रोखते. साधी टेप किनाऱ्यावर टिकत नाही, सुटते आणि आत पाणी धरून ठेवते.

थिंबलला कथिलाने झाळून घेऊ का, असं विचारणारे बरेच असतात. नुसत्या झाळकामावर विसंबू नका. साधं झाळायचं कथिल १८३ अंशांना पातळ होतं, म्हणजे सांधा बिघडून तापला की तोच वितळून सुटतो. शिवाय कथिल तारांमध्ये पुढे चढतं, तिथे केबल कडक होते आणि हादऱ्याने नेमकी त्याच ठिकाणी तुटते. हर्णै बंदरातल्या बोटींवर इंजिनच्या हादऱ्यात असे झाळलेले सांधे याच कारणाने दगा देतात.

घट्ट करताना शिशाच्या खुंटीवर जोर काढू नका, शिसं मऊ असतं आणि आटे फिरतात. बॅटरीच्या पुस्तकात टॉर्क (नट आवळायचा जोर) दिला असेल तर तेवढाच. घट्ट झाल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्या. सांधा आवळायच्या आधी मधे व्हॅसलीन थापू नका. एका महिन्याने नट पुन्हा तपासा, शिसं दाबाखाली हळूहळू सरकतं. नंतर वर्षातून दोनदा पुरे: एकदा मृगाआधी, एकदा दिवाळीत पाहुण्यांचा हंगाम सुरू होण्याआधी.

किती जाडीची केबल घेऊ, या प्रश्नाला आमचं उत्तर जाडीपेक्षा लांबीवर आहे. चार मीटरसाठी ३५ स्क्वेअर एमएम टाकली तर रोध निम्म्याहून कमी होतो, पण तेवढं तांबं महाग पडतं. त्याऐवजी इन्व्हर्टर बॅटरीजवळ आणा. पडवीत मात्र नको, तिथे खारा वारा सर्किट बोर्ड खातो. बॅटऱ्यांच्या बरोबर वर तर मुळीच नको, ॲसिडची वाफ सरळ त्याच्यात जाईल. बॅटऱ्या पडवीत ज्या भिंतीला टेकून आहेत, त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला इन्व्हर्टर लावा. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंतीला भोक पाडणं सोपं आहे. त्यात पीव्हीसी पाइप बसवा, बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही, आणि केबल टाकून झाल्यावर तोंड बुजवा. एका बाजूची केबल दीड मीटरवर येईल. ३५ स्क्वेअर एमएमची जाऊन-येऊन तीन मीटर केबल ७६ अँपिअरला जेमतेम १० वॅट तापते आणि व्होल्टेजही फक्त १२५ मिलिव्होल्ट पडतं. इन्व्हर्टरपासून घरात जाणाऱ्या २३० व्होल्टच्या बाजूला ७-८ अँपिअरच असतात, तिथे २.५ स्क्वेअर एमएमची वायर कितीही मीटर फिरवली तरी घरापुरती चालते. लांबी वाढवायची तर ती २३० च्या बाजूला वाढवायची.

फ्यूजचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, त्यामुळे तो नसावा असं धरतो. लाल केबलवर बॅटरीच्या खुंटीपासून वीतभर अंतराच्या आत १२५ अँपिअरचा डीसी फ्यूज बसवा, पण ३५ ची केबल टाकल्यावरच. आताच्या १६ च्या केबलवर १२५ चा फ्यूज लावला तर फ्यूजआधी केबल जळेल. फ्यूज केबलला वाचवण्यासाठी असतो, म्हणून त्याचं माप केबलवरून ठरतं. वारंवार उडतो म्हणून मोठा टाकणं हे आगीला आमंत्रण. आणि घरातला साधा एसी एमसीबी इथे लावू नका. डीसीचा ठिणगीप्रवाह तो नीट तोडू शकत नाही.

उरल्या बॅटऱ्या. आणखी दोन वाढवल्या तर मुख्य केबलमधला करंट एका अँपिअरने कमी होणार नाही, कारण तो लोडवर ठरतो. बॅकअपचे तास वाढतील एवढंच. तुमच्याकडे आज खरी अडचण आहे ती जुन्या आणि नव्या जोडीची. चारही पूर्ण चार्ज करा, दोन्ही जोड्या एकमेकींपासून सोडवा, रात्रभर तशाच ठेवा आणि सकाळी प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. १२.६ ते १२.७ व्होल्ट ठीक. एखादी १०.५ च्या आसपास असेल तर तिचा एक सेल गेला आहे. अशी जोडी नव्या जोडीतून रात्रंदिवस करंट ओढत राहते. लोड नसतानाही दोन जोड्यांमधला जंपर कोमट लागतो तो यामुळे.

जुनी जोडी नापास झाली तर ती काढून टाका, तिच्या जागी एकच नवी जोडी आणून पुन्हा नवं-जुनं करू नका. जुनी पास झाली तर जोडणी तेवढी बदला: इन्व्हर्टरची लाल केबल पहिल्या जोडीच्या प्लसवरून आणि काळी दुसऱ्या जोडीच्या मायनसवरून घ्या. जोड्यांमधले दोन्ही जंपर सारख्या लांबीचे आणि मुख्य केबलच्याच जाडीचे असू द्या. लाल आणि काळी दोन्ही एकाच जोडीवरून घेतल्या तर जवळची जोडी जास्त राबते आणि तिचे सांधे आधी तापतात. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (केबलभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा) मिळाला तर दोन्ही जोड्यांचा करंट बघा. दुकानातला स्वस्त क्लॅम्प बहुधा फक्त एसी मोजतो, तेव्हा घेताना डीसी अँपिअरचं चिन्ह पाहून घ्या.

नुसत्या नव्या जोडीवर राहायची वेळ आली तर पंप आणि मिक्सर एकत्र चालवू नका. १५० एएचच्या एका जोडीला ७६ अँपिअर फार होतात. टाकी सकाळी लाइट असतानाच भरून घ्या.